बंद पडलेली, बंद ठेवलेली

आबांकडे गाडी घेऊन गेलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच असायचा, आणि तो गाडीबद्दल नसायचा. अंगणातल्या फरशीवर उकिडवे बसून ते गाडीकडे न बघता माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "भीती वाटती का?"

समोरचा गडबडून जायचा. वर्ष-दोन वर्षं गंजत पडलेली मोपेड पंक्चर टायरांवरून ढकलत आणलेली, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हा म्हातारा विचारतोय काय तर भीती वाटते का. कुणी हसून "कसली भीती?" म्हणालं, की आबा उठून हात धुवायला लागायचे. म्हणजे बोलणं संपलं, गाडी परत न्या. "वाटते" म्हणणाऱ्यालाच बसायला स्टूल मिळायचं.

मला स्टूल लगेच मिळालं. मी "वाटते" एवढंही म्हणू शकले नव्हते, नुसती मान हलवली होती.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तोवर वडगावातच होते, घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्या वर्षी बदली झाली ती तिकोणा पेठेच्याही पुढच्या एका वाडीत. एसटी पवनानगरपर्यंत, पुढे मिळेल ते वाहन, आणि मिळेल ते वाहन शाळा भरायच्या वेळेला कधीच मिळत नाही. घरात एकमत व्हायला वेळ लागला नाही. नोकरी सोडून दे, असं नवरा समजुतीनं म्हणत होता, सासूबाई काळजीनं म्हणत होत्या, आणि सगळ्यात मोठ्यानं मी स्वतःच मनातल्या मनात म्हणत होते. रुजू व्हायला तीन आठवडे राहिले होते. घरामागे ताडपत्रीखाली माझी मोपेड दोन वर्षं उभी होती. ती बंद पडली आहे, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आबा देहूरोडच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वडगावात कोर्टाच्या मागच्या आळीत त्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत कुणीकुणी टाकून दिलेल्या, विसरलेल्या स्कुटरी आणि मोपेड. चालू गाडीला ते हात लावत नसत. "चालू हाय तर चालवा की" एवढंच म्हणत. त्यांना लागायची ती उभी राहून राहून मेलेली गाडी. अंगानं किडकिडीत, खिशात कायम पाना, आणि शर्टाच्या वरच्या काजाला सुतळीनं बांधलेला बटणांचा फोन. फोन कुठे पडेल याची त्यांना धास्ती होती. तशी त्यांना सगळ्याचीच धास्ती होती. लोकलनं तळेगावला जायचं असलं तरी अर्धा तास आधी स्टेशनवर जाऊन उभे राहत आणि गाडी आली की गर्दी नसतानाही मागे सरकत. आळीतले लोक "जय भीम, आबा" म्हणत पुढे जायचे, तर हे पाठीमागून ओरडून सांगायचे, चप्पल जपून, पुढं ओलं हाय.

असा माणूस इंजिनापुढे बसला की मात्र शांत व्हायचा. भित्र्या माणसाचा हात गाडीला बरा, असं त्यांचं ठाम मत होतं. न घाबरणारा माणूस बोल्ट एकदा आवळतो, घाबरणारा तीनदा. गिऱ्हाइकाचंही तसंच. न घाबरणाऱ्याला गाडी चालू करून देणं म्हणजे आपण त्याला ढकलून देणं, असं ते समजत.

एकदा लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यानं त्यांना मुद्दाम गाडी पाठवून बोलावलं होतं. गॅरेजमध्ये तीन जुन्या स्कुटरी धूळ खात होत्या. आबांनी पहिलीचा प्लग काढला, उजेडात धरला, फुंकला आणि मालकाला त्यांचा तो प्रश्न विचारला. मालक खळखळून हसला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, काका, आम्ही मित्रमित्र रविवारी राजमाचीच्या रस्त्यानं सुसाट सोडणार आहोत. आबांनी प्लग जागच्या जागी बसवला, तीनदा आवळला, आणि एसटीनं घरी आले. ही हकिगत मावशी, म्हणजे आबांची बायको, येईल त्याला सांगत असे, आणि शेवटी विचारत असे की जेवून तरी यायचं होतं की नाही.

माझ्या मोपेडची टाकी आबांनी पहिल्याच दिवशी सोडवली. आत गंज धरला होता. त्यांची पद्धत अशी, की टाकीत चिंचेचं कडक पाणी ओतायचं, नदीतली बारीक खडी मूठभर टाकायची, तोंडाला बोळा लावायचा आणि टाकी हलवायची. दोनशे वेळा. आणि हलवायची ती मालकानंच. हलवता हलवता गाडी कशी बंद पडली ते सांगायचं. आबा समोर बसून कार्बोरेटर साफ करत ऐकायचे.

त्यात काय विशेष, असं मला वाटलं होतं. पण दोन्ही हातांनी ती खुळखुळणारी टाकी शंभराच्या पुढे हलवल्यावर खांद्यातून जाळ निघतो आणि खोटं बोलायला जी थोडी ताकद लागते ती उरत नाही. कान्हे गावच्या एका भाजीवाल्यानं दीडशेच्या आसपास कबूल केलं होतं, की गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मेहुणा सारखा मागायला यायचा म्हणून त्यानंच ती कडब्यात लपवली होती आणि मग मेहुणा यायचा थांबेना म्हणून ती तिथेच राहिली.

मीही माझी गोष्ट तयार करून नेली होती. किक लागत नव्हती, धूर यायचा, एक दिवस बंदच पडली. आबा ऐकत होते. मी एकशे तीसवर असताना त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बाई, कॉक बंद हुता."

मला समजलं नाही.

"पेट्रोलचा कॉक. गाडी बंद पडती तवा मानूस किक मारमारून दमतंय आन तशीच सोडून जातंय. कॉक चालूच ऱ्हातो. तुमच्या गाडीचा कॉक कुनीतरी नीट फिरवून बंद केलाय. ही बंद पडलेली न्हाई. बंद ठेवलेली हाय."

मी टाकी मांडीवर ठेवली. मग सांगितलं, जे नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, गाडीवर पुढे उभी होती. कामशेतच्या वळणावर गाडी घसरली. माझा गुडघा फुटला, तिच्या हनुवटीला तीन टाके पडले. ती आठ दिवसांत विसरली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी गाडी मागच्या बाजूला नेली, स्टँडवर लावली आणि खाली वाकून हातानं कॉक बंद केला. पडण्यापेक्षा मला ते वाकणंच जास्त आठवतं.

आबांनी धीर वगैरे दिला नाही. "फुडचा बिरेक लावला का मागला?" एवढंच विचारलं.

"पुढचा."

"वाळू हुती रस्त्यावं?"

"होती."

"मंग पडनारच," ते म्हणाले आणि परत कार्बोरेटर फुंकायला लागले.

दोन वर्षं मी स्वतःला नाना कारणं देत होते. मला जमतच नाही, माझं लक्ष नसतं, मी आई म्हणून कशी आहे. पुढचा ब्रेक आणि वाळू, एवढंही ते असू शकतं हे मला पहिल्यांदा त्या पडवीत कळलं. मी उरलेले सत्तर पुरे केले. मला रडू येत होतं आणि आबा टाकीच्या आवाजाकडे कान लावून बसले होते.

गाडी चार-पाच दिवसांत हातात येईल असं मी धरून चालले होते. पण सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. मी केसांतली पिन काढून पुढे केली. आबांनी ती घेतली, बघितली आणि मला परत दिली. "आत पोरं हायती, बाई. आन तुमी शाळंतल्या," ते म्हणाले. झालं. माशीची पोरं बाहेर पडेपर्यंत गाडीला किक नाही. एकेक दिवस चालला होता. मी रोज संध्याकाळी जाऊन वाकून सायलेन्सरमध्ये बघत होते. घरी राजीनाम्याचा कच्चा मसुदा लिहून ठेवला होता आणि गाडी मिळाली नाही तर बरंच, असंही अधूनमधून वाटत होतं. अठराव्या दिवशी त्या मातीला बारीक भोकं दिसली. आबांनी मग स्वतःच पिन मागितली.

पडवीच्या निळ्या भिंतीवर खडूच्या बारीक रेघा असायच्या. आधी मला तो हिशेब वाटला होता. गाडी चालू होऊन बाहेर पडली, की आबा भिंतीवर एक रेघ ओढत. माणसानं पोचल्यावर मिस कॉल द्यायचा. दोन रिंगा आणि कट म्हणजे पोचलो. तिसरी रिंग वाजली तर काहीतरी अडलंय, फोन उचला. दोन रिंगा वाजून कट झाल्या, की आबा रेघ अंगठ्यानं पुसत. सगळ्या रेघा पुसल्याशिवाय जेवत नसत. इतरांना हा नियम आठ दिवस असायचा. माझा रस्ता घाटाचा आणि धरणाकडेचा म्हणून मला तो बदली होईपर्यंत लागू झाला.

"लगीन झाल्यापास्नं बघती," मावशी मला म्हणाली होती, "ह्यास्नी कुनी ना कुनी पोचायचं ऱ्हायलंयच."

पहिल्या दिवशी मी वाडीच्या शाळेत पोचले तेव्हा हँडल धरलेली बोटं सरळ होईनात. शाळेत रेंज नव्हती. झेंड्याच्या कट्ट्याला तीन पायऱ्या होत्या, त्यातल्या तिसरीवर उभं राहिलं तर फोन लागायचा. दोन रिंगा, कट. तिकडे वडगावात माझी रेघ पुसली गेली असणार, या विचारानं मला जो धीर आला, तो घरच्यांनी सांगितलेल्या कशानंही आला नव्हता.

हे सगळं करणारा माणूस स्वतः मात्र गाडी चालवत नसे. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली त्यांची स्वतःची मोपेड होती, काचेसारखी स्वच्छ. दर रविवारी गोणपाट काढायचं, दोन मिनिटं चालू करायची, ऐकायची आणि परत झाकायची. "ही बंद ठेवलीय," असं ते सांगत, लपवाछपवी न करता. का, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. विचारलं की कधी डोळे सांगत, कधी गुडघे. मावशीनंच एकदा फोडलं. खूप वर्षांपूर्वी ते त्या मोपेडवरून कामशेतला निघाले होते. सकाळचा चहा घेऊन निघाले आणि पोचले दुपारी. चेन वाजली की उतरले, मडगार्ड वाजलं की उतरले, काहीच वाजेना म्हणूनही एकदा उतरले. येताना गाडी हातात धरून चालत आले. मी ते त्यांच्यापुढे काढलं तर त्यांना अजिबात राग आला नाही. "तुमास्नी आवाज ऐकू येत न्हाईत म्हनून तुमी चालवता," ते म्हणाले. "मला समदं ऐकू येतं."

दोन पावसाळे गेले. माझी भीती कधी गेली ते मला सांगता येणार नाही. घाटात मी टेम्पोला मागे टाकायला लागले, एका हातानं ओढणी सावरायला लागले. मिस कॉल दिला जाई, पण बूट काढावेत तसा, लक्ष न देता. कधी उशिरा दिला जाई. आबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. मावशी बोलली, की बाई, भाकरी निवती. मी हसून कान पकडले.

आणि एक दिवस मी विसरले. त्या दिवशी केंद्रप्रमुख येणार होते, मी सरळ वर्गात गेले, फोन पिशवीत आणि पिशवी कपाटात. दुपारची खिचडी झाली, पोरं हात धुवायला गेली, तेव्हा तिसरीतली एक मुलगी येऊन शांतपणे म्हणाली, "बाई, एक म्हातारं आलंय. तुमच्या गाडीचा बिरेक दाबतंय."

मी बाहेर आले. आबा माझ्या मोपेडशेजारी उकिडवे बसून पुढचा ब्रेक दाबत होते, सोडत होते. शेजारी त्यांची स्वतःची मोपेड उभी होती. कॅरिअरला गोणपाटाचा एक धागा अडकलेला होता. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. वडगावपासून इथवर हा माणूस, ते सगळं ऐकत, त्या घाटातून आला होता.

"फोन लागंना," ते म्हणाले. "हितं रेंज न्हाई व्हय?"

मला नुसतं "नाही" म्हणून सुटता आलं असतं. रेंज खरंच नव्हती. पण त्यांच्याशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"पायरीवर आहे, आबा. मीच विसरले."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, स्टुलावर बसवायच्या आधीचा. आता भीती वाटती का. मी नाही म्हणाले. "मला वाटलंच," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

शाळा सुटेपर्यंत थांबा, बरोबर जाऊ, असं मी दोनदा विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. मावशीला न सांगता निघाले होते, भिंतीवर माझी रेघ तशीच होती. त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन मोपेडला किक मारली. तेव्हा मी म्हणाले, "आबा, पोचल्यावर मिस कॉल द्या."

त्यांनी वळून एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी रस्त्याला लावली. हे त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नसणार. ते जायचेच कुठे?

मी तिसरीचा वर्ग बाहेर कट्ट्याजवळ बसवला. पायरीवर खडूनं एक रेघ ओढली. पोरांनी विचारलं, बाई हा एक कशाला. मी म्हणाले, पाढे म्हणा. मी फोन हातात धरून तिसऱ्या पायरीवर बसले आणि तो सगळा रस्ता डोळ्यांपुढून जायला लागला. पेठेची उतरण, धरणाकडेची वळणं, बेडशाजवळचा घाट, कामशेतचं ते वळण. तिथे आजही वाळू असेल. त्यांची नजर कमी झालेली. एखादा आवाज आला आणि ते मधेच उतरले, मागून टेम्पो आला तर. असा टेम्पो मीच कितीदा मागे टाकला होता, आणि आता तो प्रत्येक वळणावर दिसत होता. नऊचा पाढा पोरांनी तीनदा म्हटला. वडगावला पोचायला दीड तास तरी लागणार होता.

पाऊण तासातच फोन वाजला. एक रिंग. दोन. मी कट व्हायची वाट बघत होते. तिसरी वाजली. माझा अंगठा बटणावर जाईना. चौथीला मी उचलला.

वाऱ्याचा आवाज येत होता.

"आबा, कुठं आहात? काय झालं? गाडी बंद पडली का?"

"न्हाई, बाई," आबा म्हणाले. "बंद ठेवलीय."

मी पायरीवर उठून उभी राहिले.

"धरनाच्या कडंला बसलोय. पानी लय चांगलं दिसतंय हितनं. येताना बघितलंच न्हाई."

"आवाज येतोय का गाडीतून कसला?"

"येतोय की. चेनमधनं एक, मागल्या चाकातनं एक." मग ते म्हणाले, "येऊ दे म्हनलं. पोचल्यावं देतो. रेघ ऱ्हाऊ द्या."

पायरीवरच्या रेघेबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. रेघ असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

शाळा सुटायला आली तेव्हा दोन रिंगा वाजल्या आणि कट झाल्या. मी पायरीवरची रेघ अंगठ्यानं पुसली, पोरांना घरी पाठवलं आणि गाडीपाशी आले. पुढचा ब्रेक दोनदा दाबून बघितला. वर्षभरात बघितला नव्हता. मग वाकून कॉक चालू केला, आणि हँडल धरलं तर बोटं पहिल्या दिवसासारखी घट्ट आवळली गेली.